उठल्याची वेळ

१

मावशीच्या वहीत चार रकाने असत: झोपली, उठली, किती वेळ, शेरा. बाळ मुलगा असला तर झोपला, उठला. वही घरचीच. तिचा नवरा छापखान्यात बाइंडर होता आणि निवृत्त झाला तरी त्याच्या हातातली सुई काही सुटली नव्हती. मावशीला नवं काम लागलं की तो नवी वही शिवायचा, रकाने आखायचा आणि पुठ्ठ्यावर बाळाचं नाव आपल्या गोल अक्षरात घालून द्यायचा. बाळ मोठं होऊन मावशीची गरज संपली की वही बाळाच्या आईच्या हातात ठेवून मावशी निघायची. अशा एकतीस वह्या एकतीस घरांत गेल्या होत्या. ही बत्तिसावी.

नोंदीचा एक नियम होता, आणि तो तिने कधी मोडला नव्हता. बाळ चुळबुळलं, कुरकुरलं, अंगठा तोंडात घातला, तरी ते उठलं असं लिहायचं नाही. दोन्ही डोळे उघडे दिसले, त्यांनी आपल्याकडे पाहिलं, की मगच घड्याळ बघायचं आणि 'उठली'च्या रकान्यात वेळ टाकायची.

या घरातलं बाळ चार महिन्यांचं होतं. सगळे तिला चिमी म्हणत. चिमीची आई चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. सकाळी दहाला जायची, चारला यायची. बाळाचे बाबा कामासाठी बाहेरगावी, महिन्यातून एकदा दिसणारे. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, बाळाच्या खोलीला एकच खिडकी, खिडकीखाली भिंतीशी एक घडी घातलेली दुलई. रात्री आई ती अंथरून पाळण्याशेजारी झोपायची.

"मावशी, फोनवर लिहिलंय की या वयात दुपारची झोप दीड तास तरी हवी," आई एकदा म्हणाली. "आमची महाराणी चाळीस मिनिटांत टक्क डोळे उघडते."

"फोनवरचं चिमीने अजून वाचलेलं नाही ना," मावशी म्हणाली.

"थट्टा करू नका हो. काही चुकतंय का आपलं?"

"काही नाही चुकत, ताई. चाळीस मिनिटांच्या चार डुलक्या. साडेआठ, अकरा, सव्वाच्या सुमारास, साडेतीन. घड्याळ लावून घ्यावं असं लेकरू आहे तुमचं."

खरंच तसं होतं. तीन आठवड्यांच्या नोंदींत दुपारची डुलकी एकदाही पंचेचाळीस मिनिटांच्या वर गेली नव्हती.

२

बाळाला झोप लागल्यावर पाच मिनिटांनी मावशी त्याचे श्वास मोजायची. पूर्ण एक मिनिट, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्यातली गत. चिमीचे छत्तीस भरत; कधी पस्तीस, कधी अडतीस.

त्या मंगळवारी दुपारी एकाहत्तर भरले.

मावशीने पुन्हा मोजले. एकाहत्तर. तिने चिमीच्या कपाळाला हात लावला. गार. ओठ गुलाबी, नाक मोकळं. छातीवर अलगद तळवा ठेवला; छाती संथ वरखाली होत होती, काही घाई नव्हती. डोळ्यांनी बघावं तर मूल शांत झोपलेलं, आणि कानांनी ऐकावं तर दुपटीने श्वास.

चाळीस मिनिटांनी चिमीने डोळे उघडले आणि मावशीकडे बघून ती बोळकं पसरून हसली. मावशीने वेळ टाकली. शेऱ्यात लिहिलं: श्वास ७१. आईला सांगणे.

३

बालरोगतज्ज्ञ बाई हसतमुख होत्या. त्यांनी चिमीला उताणं, पालथं केलं, नळी लावली, कान तपासले. चिमीने त्यांच्या चष्म्याची दांडी पकडली.

"ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मावशी, तुम्ही श्वास आत गेला की एक आणि बाहेर आला की दोन, असे तर नाही ना मोजलेत? नवे लोक हटकून ही चूक करतात."

"तेवीस वर्षं मोजतेय मी, डॉक्टर."

"मग एक दिवस दमला असाल. पन्नाशीनंतर मलासुद्धा काहीबाही ऐकू येतं. नवरा म्हणतो, मी बोलत असलो तेवढंच येत नाही."

चिमीची आई हसली. मावशीही हसली. घरी परतताना तिने स्वतःला बजावलं, डॉक्टर म्हणतात तेच खरं. दोनदा मोजले असणार. पण हिशेबाच्या बाबतीत तिचं मन किराणा दुकानदारासारखं चिकट. छत्तिसाची दुप्पट बहात्तर. दोनदा मोजले असते तर आकडा सम यायला हवा. एकाहत्तर कसे?

एकाहत्तर म्हणजे छत्तीस आणि पस्तीस.

४

पुढचे तीन दिवस तिने घर कानाने झाडून काढलं. फ्रिज बंद करून पाहिला. खिडकीबाहेरच्या कठड्यावर पारवे बसत, त्यांना हुसकावलं. शेजारच्या घराच्या भिंतीला कान लावला. तिथे पलीकडे एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत आणि ते दुपारी वाचनालयात असत. नळ, पंखा, वरच्या मजल्यावरची शिलाई मशीन, एकेकाची खातरजमा झाली. सकाळच्या डुलक्यांना छत्तीस भरत. साडेतीनच्या डुलकीलाही छत्तीस. फक्त दुपारी, आणि तेही बरोबर एक वाजून वीस मिनिटांनी, पहिल्या श्वासामागे दुसरा सुरू व्हायचा. चिमी आधी झोपलेली असो की नंतर झोपो, एक वीसचं एक वीसच.

शुक्रवारी चिमी दोनला पाच कमी असताना उठली. मावशीने तिचे डोळे पाहिले, घड्याळ पाहिलं, वेळ टाकली, तिला उचलून खांद्याशी घेतलं. चिमीने एक जांभई दिली आणि मावशीच्या केसात बोटं घातली.

आणि खोलीत कोणीतरी अजून झोपलेलं होतं.

आवाज आता एकटा होता, त्यामुळे स्वच्छ ऐकू आला. लहानसा, ओलसर, नाकातून येणारा. आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना उसासा. पाळण्यातून नव्हे, खिडकीखालून, भिंतीशी ठेवलेल्या दुलईकडून.

मावशीने दुलईकडे पाहिलं. चौकोनी घडी, वर फिकट फुलं. कोणीही नव्हतं. चिमीनेही मान वळवून तिकडेच पाहिलं, आणि नव्या माणसाकडे बघावं तसं खूप वेळ पाहत राहिली.

मावशीला खरं तर ओरडायला हवं होतं. तिने केलं ते वेगळंच. ती पाय न वाजवता, मागे मागे सरकत खोलीबाहेर आली आणि दार अलगद लोटून घेतलं. झोप मोडू नये म्हणून. तेवीस वर्षांची सवय. मनाआधी पायच वागले.

५

ती शीळ तिने ओळखली होती. आईला ओळखावी लागत नाही, असं म्हणायला हवं.

एकोणतीस वर्षांपूर्वी मावशीला मुलगी झाली होती. नाक जन्मापासून जरा चोंदलेलं, म्हणून झोपेत शीळ वाजायची. नवरा म्हणायचा, आपल्या घरात छोटं इंजिन आलंय. पाचव्या महिन्यात एका दुपारी बाळाला झोपवून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. खाली आली, भांडी घासली. नवरा छापखान्यातून जेवायला आला होता. त्याने दारातून आत डोकावून विचारलं, "बराच वेळ झोपलीय. उठवू का?"

"झोपू दे," ती म्हणाली होती. "झोपेतच पोर वाढतं."

तो जेवून कामावर गेला. नंतर कधीतरी ती आत गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. किती वाजता झोपली? शेवटची जागी कधी पाहिलीत? तिला दोन्ही सांगता आल्या नाहीत. तिने घड्याळ पाहिलंच नव्हतं. डॉक्टर भले होते. म्हणाले, बाई, पाहिलं असतं तरी काही झालं नसतं, तुमची काही चूक नाही. त्यांनी कागदावर वेळेच्या जागी एक आडवी रेघ ओढली. ती रेघ मावशीच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही. पुढच्या वर्षी तिने नवऱ्याला एक वही शिवायला सांगितली. कशाला म्हणून त्याने विचारलं नाही. त्या दुपारबद्दल दोघं नंतर एक शब्दही बोलले नाहीत, आणि मुलीचं नाव त्या घरात कोणाच्या तोंडून निघालं नाही. मावशी पाच वर्षं वह्या कोऱ्याच ठेवत गेली, मग बाळं सांभाळू लागली.

आता तिला अर्धं उत्तर मिळालं होतं. एक वाजून वीस मिनिटं.

६

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं तिने स्वतःला समजावलं. पण भर दुपारी, जागेपणी, सेकंदकाटा बघत कोणी स्वप्न पाहत नाही.

पुढच्या सोमवारपासून चिमीची दुपारची झोप वाढली. पन्नास मिनिटं. मग एक तास पाच. मग दीड तास. त्यापुढच्या बुधवारी पावणेदोन तास.

"मावशी, जादू केलीत तुम्ही!" चिमीची आई वही चाळत म्हणाली. "काय केलंत, सांगा ना. दुकानातल्या सगळ्या आयांना सांगते."

"मी काही नाही केलं, ताई."

"आणि हे काय, शेऱ्यात रोज नुसता ठिपका? पूर्वी श्वास लिहायचात."

"तेवढेच भरतात," मावशी म्हणाली. "रोज काय लिहायचं तेच ते."

वहीच्या बाबतीत तेवीस वर्षांतलं तिचं हे पहिलं खोटं. खरं असं की चिमी झोपलेली असली की तो दुसरा आवाज जवळ यायचा. चिमी उठली, हसली, रडली की तो मागे हटल्यासारखा फिका व्हायचा. म्हणून मावशी चिमीला उठू देत नव्हती. तशी ती काही वावगं करत नव्हती. पडदा ओढायची, दाराची कडी कापडाने बांधायची, चिमी चुळबुळली की दोन थोपट्या जास्त द्यायची. कोणतीही चांगली दाई हेच करील. आणि मग ती खिडकीखाली, दुलईपासून हातभर अंतरावर, जमिनीवर बसून राहायची. पोटच्या पोरीची जी झोप ती गच्चीवर होती म्हणून चुकली, ती ऐकत. हात पुढे करून दुलईला लावावा असं रोज वाटे. लावला मात्र नाही.

दुलईच्या घडीवर मधोमध एक खळगा पडू लागला होता. मोठ्या मोसंबीएवढा. आई रात्री दुलई अंथरायची, सकाळी घडी घालायची, आणि एक वीस झाले की खळगा पुन्हा तिथेच.

७

गुरुवारी सव्वादोनला मावशी दचकली. कशाने, ते तिला आधी कळलं नाही. मग कळलं. खोलीत एकच श्वास होता.

ती उठून पाळण्याकडे गेली. चिमी झोपलेली होती. छाती हलत होती. श्वास आत जाताना बारीक शीळ वाजत होती.

चिमीचं नाक कधीच वाजत नसे.

मावशी वळली. शीळ दुलईकडूनही येत होती, त्याच क्षणी, त्याच लयीत. दोन्ही श्वास एकावर एक बसले होते, बाइंडरने पानं ठोकून एकसारखी करावीत तसे. तिने मोजले. तीस. पुन्हा मोजले. सव्वीस. बाहेर पारवे घुमत होते, वर शिलाई मशीन चालली होती, आणि खोलीतला श्वास एकेक पायरी खाली उतरत होता.

"चिमे," ती म्हणाली. मग मोठ्याने, "चिमे!"

तिने तिला उचललं. मान मागे कलंडली. तळपायांवर टिचक्या मारल्या, गाल चोळले, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. झोपलेलं मूल उठवू नये, हे तिने एकतीस घरांत आयांना शिकवलं होतं. आता ती चिमीला घेऊन दुसऱ्या खोलीत धावली, तर श्वास आणखी मंदावला. म्हणून परत आली. दाराच्या कडीवरचं कापड तिने ओरबाडून काढलं, दार भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, पडदा खेचला, आणि खिडकीखालच्या त्या रिकाम्या जागेकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या पोरीवर रागावली.

"सोड तिला! दुसऱ्याचं लेकरू आहे ते. सोड म्हणते ना!"

चिमीने खोल श्वास घेतला, लालबुंद झाली आणि टाहो फोडला. डोळे उघडले. दोन्ही. मावशीकडे पाहिलं.

दोन वाजून एकतीस मिनिटं. मावशीने वेळ टाकली, आणि शेऱ्यात ठिपक्याऐवजी लिहिलं: श्वास ३०, मग २६.

चिमी रडत राहिली, आणि खिडकीखाली ती शीळ चालूच राहिली. तीही जरा थांबत, अडखळत. रागावल्यावर मूल झोपेतच मुसमुसतं तशी.

चिमीची आई फोन करताच अर्ध्या तासात आली. मावशीने चिमीला तिच्या हातात दिलं, वही टेबलावर ठेवली आणि सांगितलं की ती उद्यापासून येणार नाही.

"असं एकदम? काही चुकलं का आमचं? मावशी, मी काही बोलले का?"

"तुमचं काही नाही, ताई. आजच डॉक्टरांना दाखवा, मी श्वास लिहून ठेवलेत. आणि चाळीस मिनिटं झोपते ना, तेवढीच झोपू दे. फार चांगली झोपते ती."

आई चिमीला घेऊन बाहेरच्या खोलीत डॉक्टरांना फोन लावू लागली. मावशी पिशवी घ्यायला आत गेली. खिडकीखाली वाकली. दुलईतल्या खळग्यात तिने पहिल्यांदा हात ठेवला.

ऊबदार होतं.

"चल बाई," ती हळूच म्हणाली. "आपल्या घरी चल."

८

बसमध्ये गर्दी होती. एका तरुण बाईने उठून तिला जागा दिली. पिकलेले केस बघून दिली असेल, असं मावशीला वाटलं. मग त्या बाईने हात लांब करून खिडकीची काचही ओढून घेतली. "वारा लागेल," ती म्हणाली, आणि मावशीच्या उजव्या हाताकडे बघून हसली. हात कोपरात वाकलेला होता. तो कधी वाकवला, ते मावशीला आठवेना. खांद्याशी मात्र ओलसर ऊब होती.

नवरा इतक्या लवकर तिची वाट बघत नव्हता. त्याने दार उघडलं. तिने त्याला या सगळ्यातलं अवाक्षरही सांगितलेलं नव्हतं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं,

"झोपलीय?"

तिने मान हलवली.

"कधीपासून?"

"एक वीसपासून."

तो बाजूला झाला. आतल्या खोलीत जाऊन त्याने पलंगावर एक धुतलेली चादर चौपदरी अंथरली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. एकोणतीस वर्षांपूर्वी अंथरायचा तशीच. तिने हात मोकळा केला. मग दोघं बाहेर येऊन टेबलाशी बसली. आतून शीळ ऐकू येत होती. त्याने एकदा डोळे पुसले, आणि उगाचच हसला. "इंजिन," तो म्हणाला.

कपाटातून त्याने शिवून ठेवलेली कोरी वही काढली. पुठ्ठ्यावर, तिला न विचारता, गोल अक्षरात नाव घातलं. त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं ते. वही तिच्यासमोर सरकवली. मावशीने पहिल्या रकान्यात लिहिलं: १.२०. दुसऱ्या रकान्यावर पेन थांबलं.

ऊन फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेलं. शीळ हळू झाली. दोन श्वासांमधलं अंतर वाढू लागलं. दोघांनाही ते कळत होतं.

"बराच वेळ झोपलीय," नवरा म्हणाला. "उठवू का?"

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. या वेळी पाहिलं. पाचला आठ मिनिटं कमी.

"उठव," ती म्हणाली.

तो आत गेला. शीळ थांबली. पलंगाची पट्टी करकरली, कोणी कडेला बसल्यावर करकरते तशी, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. पेन रकान्याला टेकलेलं होतं. निबाखाली शाईचा ठिपका पसरत होता. पण डोळे पाहिल्याशिवाय वेळ टाकायची नाही, हा नियम तिचाच होता.

"अगं, ये," आतून नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ये लवकर. बघतेय आपल्याकडे."

मावशीने पेन वहीत ठेवलं आणि ती आत गेली.